परदेशी मुक्काम, भारतातली पेन्शन: खाते, हयातीचा दाखला आणि कर

निवृत्तीनंतर मुलाकडे किंवा मुलीकडे परदेशी कायमचे राहायला गेले म्हणून भारतातली पेन्शन बंद होत नाही. ती रुपयांत, भारतातल्या बँकेत, दर महिन्याला जमा होत राहते. घोळ होतो तो तिच्याभोवतीच्या कागदांत. बचत खाते तसेच राहते, बँक जुन्याच हिशेबाने कर कापते किंवा अजिबात कापत नाही, नोव्हेंबरात दाखला पोहोचत नाही. यातले बरेचसे काम निघण्यापूर्वीच्या दोन महिन्यांत, शाखेत समोर बसून होते. तेच तिकडून करायला वर्ष लागते.

पहिली गोष्ट मनात पक्की असू द्या. "अनिवासी" हा शब्द दोन कायद्यांत आहे आणि दोन्हींत त्याचा अर्थ वेगळा आहे. परकीय चलनाचा कायदा, म्हणजे फेमा, हेतू पाहतो: अनिश्चित काळासाठी राहायला निघालात की त्याच दिवसापासून तुम्ही अनिवासी. प्राप्तिकर कायदा दिवस मोजतो. त्यामुळे एकाच वर्षी बँकेसाठी अनिवासी आणि करासाठी निवासी असणे शक्य आहे, आणि जाण्याच्या वर्षी बहुतेकांचे तसेच होते.

खाते आधी बदला

फेमाप्रमाणे अनिवासी झाल्यावर साधे बचत खाते चालवता येत नाही, ते एनआरओ (अनिवासींचे, भारतातल्या उत्पन्नासाठीचे रुपया खाते) करून घ्यावे लागते. पेन्शन, घरभाडे, लाभांश असे भारतातले उत्पन्न याच खात्यात येते. शाखेत पासपोर्ट, व्हिसा किंवा रेसिडेंट परमिट, परदेशातल्या पत्त्याचा पुरावा, पॅन आणि फोटो द्यावे लागतात. अर्ज देताना एक प्रश्न मुद्दाम विचारा: खाते क्रमांक तोच राहणार की बदलणार? बदलणार असेल, तर नवा क्रमांक पेन्शन देणाऱ्या यंत्रणेच्या नोंदीत पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) क्रमांकासह चढल्याची खात्री होईपर्यंत जुने खाते बंद होऊ देऊ नका. राज्य सरकारच्या पेन्शनरांसाठी ही यंत्रणा म्हणजे कोषागार, ईपीएस-९५ (भविष्य निर्वाह निधीशी जोडलेली कर्मचारी पेन्शन योजना) साठी भविष्य निर्वाह निधी कार्यालय. पेन्शन अडकण्याचे हे नेहमीचे कारण आहे: पैसे बंद खात्यावर जातात, परत फिरतात आणि पुन्हा सुरू व्हायला महिने लागतात.

पती-पत्नीचे संयुक्त खाते असेल तर दोघांचाही दर्जा एकदमच बदलून घ्या. पीपीओवर जोडीदाराचे नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे का, हेही त्याच फेरीत तपासा. पुढे कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करताना स्पेलिंगमधला एका अक्षराचा फरकसुद्धा नडतो.

मुखत्यारपत्र द्यायचे असेल तर जाण्यापूर्वी इथेच करा. परदेशात केलेले मुखत्यारपत्र तिथे प्रमाणित करून आणावे लागते आणि भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. इथला मुखत्यार एनआरओ खात्यातून इथली बिले, कर भरू शकतो. परदेशी पैसे पाठवायचे तर ते खातेदाराच्या स्वतःच्याच खात्यात.

मोबाइल क्रमांक हा या सगळ्याचा कणा आहे. बँक, आधार आणि प्राप्तिकर पोर्टल या तिन्हींकडे एकच भारतीय क्रमांक ठेवा, आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या आणि रिचार्ज संपण्याची तारीख मुलांच्या कॅलेंडरवर टाका. सिम बंद पडले की ओटीपी येत नाही, आणि ओटीपीशिवाय यापुढचे एकही काम होत नाही.

हयातीचा दाखला

केंद्र आणि राज्य सरकारच्या पेन्शनरांसाठी महिना नोव्हेंबरचा. ८० वर्षे पूर्ण झालेल्या केंद्रीय पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. ईपीएस-९५ चे वेगळे आहे: वर्षात कधीही द्या, दिल्या तारखेपासून १२ महिने चालतो.

आधार असेल तर जीवन प्रमाण (डिजिटल हयातीचा दाखला) सगळ्यात सोपे. फोनवर जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन ॲप लागतात, चेहऱ्यावरून ओळख पटते, बोटांचे ठसे देण्याचे यंत्र लागत नाही. आधार क्रमांक, पीपीओ क्रमांक, पेन्शनचा खाते क्रमांक आणि मोबाइल जवळ ठेवा. उजेड समोरून हवा, चष्मा काढा, मागे साधी भिंत असू द्या. "प्रमाण आयडी" चा संदेश आला म्हणजे दाखला तयार झाला, मंजूर झाला असे नव्हे. खाते एनआरओ झाल्यावर जुनाच क्रमांक टाकला तर दाखला तयार होतो आणि पेन्शन देणाऱ्याकडे नाकारला जातो. म्हणून आठवड्याभराने पोर्टलवर त्याची स्थिती पाहाच.

चेहरा जुळत नसेल किंवा आधारच नसेल तर कागदी दाखला. भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावासातला अधिकारी, तिथला नोटरी, मॅजिस्ट्रेट किंवा बँक अधिकारी यांच्यासमोर सही करायची आणि मूळ प्रत शाखेला पाठवायची. टपालाला लागणारा वेळ धरून ऑक्टोबरातच भेटीची वेळ घेऊन ठेवा. दाखला चुकला तर पेन्शन थांबते, बुडत नाही. तो पोहोचल्यावर थकबाकीसह सुरू होते.

कर: जाण्याचे वर्ष

इथे एक गैरसमज फार खोल रुजला आहे: "१८२ दिवसांपेक्षा कमी राहिलो, म्हणजे अनिवासी." नोकरीसाठी बाहेर जाणाऱ्या भारतीय नागरिकाला ते लागू पडते. निवृत्त माणूस नोकरीसाठी जात नाही. त्याच्यासाठी जाण्याच्या वर्षी ६० दिवसांची अट लागते: त्या आर्थिक वर्षात ६० दिवस भारतात, आणि त्याआधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस, म्हणजे निवासी. १ एप्रिलपासून मोजले तर ३० मेला ६० दिवस भरतात. म्हणून जूनमध्ये निघालेला पेन्शनर त्या पूर्ण वर्षासाठी भारताचा निवासी असतो, आणि त्याचे परदेशातले व्याजसुद्धा इथल्या विवरणपत्रात येते. बहुतेकांना हे सोयीचेच पडते, कारण निवासी ज्येष्ठांच्या सवलती आणखी एक वर्ष मिळतात.

त्यानंतरच्या वर्षांत परदेशातून भेटीला येणाऱ्या भारतीय नागरिकासाठी मर्यादा १८२ दिवस. भारतातले उत्पन्न १५ लाखांवर असेल तर १२० दिवसांपासूनच दर्जा बदलू शकतो. दिवस मोजताना येण्याचा आणि जाण्याचा दिवस दोन्ही धरा. पासपोर्टवरच्या शिक्क्यांचे फोटो काढून ठेवा.

अनिवासी झाल्यावर काय जाते

सेवेची पेन्शन "वेतन" या सदरात करपात्र असते, मग ती घेणारा कुठेही राहो. नव्या करप्रणालीत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट अनिवासीलाही मिळते. पण ८७ ए ची सूट, जिच्यामुळे १२ लाखांपर्यंत कर लागत नाही म्हणतात, ती फक्त निवासींना आहे.

महिना ६०,००० पेन्शन धरू. वर्षाचे ७,२०,०००, वजावट जाऊन ६,४५,०००. पहिल्या ४ लाखांवर कर नाही, उरलेल्या २,४५,००० वर ५ टक्के म्हणजे १२,२५०, त्यावर ४ टक्के उपकर ४९०. एकूण १२,७४० रुपये. हीच व्यक्ती निवासी असती तर शून्य.

बँकेच्या नोंदीत तुम्ही अजून निवासीच असाल तर ती या पेन्शनवर काहीच कापणार नाही. मग आगाऊ कराचा प्रश्न येतो. व्यवसाय नसलेल्या ज्येष्ठांना आगाऊ कर माफ आहे, पण पुन्हा तेच: फक्त निवासींना. वर्षाचा देय कर १०,००० किंवा त्याहून जास्त असेल तर तो १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखांना अनुक्रमे १५, ४५, ७५ आणि १०० टक्के भरलेला हवा. नाहीतर महिन्याला एक टक्का व्याज. शाखेला लेखी कळवून दर महिन्याला टीडीएस कापून घेणे हा यावरचा सरळ मार्ग.

जुन्या प्रणालीतली ज्येष्ठांची ३ लाख आणि ५ लाखांची करमुक्त मर्यादाही अनिवासीला नाही, तिथे सगळ्यांना अडीच लाखच. ठेवींच्या व्याजावरची ८० टीटीबी वजावट नाही. एनआरओ ठेवीवर पहिल्या रुपयापासून ३१.२ टक्के कापले जातात. आणि व्याजावर कर कापू नका असे सांगणारा, दर एप्रिलला सवयीने दिला जाणारा १५एच फॉर्म आता देऊ नका. तो निवासींसाठीच असल्याने तुमच्या सहीचे ते चुकीचे प्रतिज्ञापन ठरते.

विवरणपत्र आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ भरायचे. प्राप्तिकर पोर्टलवर दर्जा "अनिवासी" करून घ्या. तो निवासी राहिला आणि पॅन आधारशी जोडलेला नसेल तर पॅन निष्क्रिय ठरतो आणि टीडीएस चढ्या दराने कापला जातो. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू झाल्याने कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत. इथे दिलेले क्रमांक लोकांच्या तोंडी असलेले जुने आहेत, भरताना पोर्टलवरचा नवा क्रमांक पाहा.

दोन देशांचा करार

अमेरिका आणि ब्रिटनशी भारताने केलेल्या, दुहेरी कर टाळण्याच्या करारांत पेन्शनचे दोन तुकडे केले आहेत. खासगी नोकरीची पेन्शन आणि ॲन्युइटी यांवर, तुम्ही जिथे राहता त्या देशातच कर. सरकारी सेवेच्या पेन्शनवर, ती देणाऱ्या देशातच कर, मात्र तुम्ही राहायला गेलेल्या देशाचे रहिवासी आणि नागरिक झालात तर हक्क त्या देशाकडे जातो. बँक किंवा महामंडळाच्या निधीतून येणारी पेन्शन आपोआप "सरकारी" ठरत नाही. सल्लागाराला पीपीओ दाखवूनच विचारा.

अमेरिकेत एक मेख आहे. ग्रीन कार्डधारकाला सरकारी पेन्शनवरचे हे संरक्षण अमेरिका देत नाही, तो हक्क करारातच राखून ठेवलेला आहे. म्हणजे भारत सरकारची पेन्शन तिथल्या विवरणपत्रात दाखवायची आणि भारतात भरलेल्या कराचे श्रेय फॉर्म १११६ वर घ्यायचे. भारतातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एकदाही १०,००० डॉलरवर गेली तर एफबार (परदेशी खात्यांची माहिती देणारा अमेरिकी अहवाल) हाही भरायचा. आई-वडिलांच्या नावावरच्या जुन्या मुदत ठेवी यात हमखास राहून जातात.

कराराचा लाभ इथे मागायचा तर तिथल्या करखात्याचा रहिवासाचा दाखला आणि फॉर्म १०एफ हवा. अमेरिकेत हा दाखला फॉर्म ८८०२ भरून मिळतो, फी भरावी लागते आणि वेळही लागतो. तो जानेवारी ते डिसेंबर वर्षाचा असतो, आपले वर्ष एप्रिल ते मार्च, त्यामुळे एका आर्थिक वर्षासाठी दोन दाखले लागतात. हाच दाखला दिल्यावर एनआरओ व्याजावरचा टीडीएसही या दोन्ही देशांच्या बाबतीत १५ टक्क्यांवर येतो.

पैसे तिकडे नेताना

एनआरओतून आर्थिक वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत नेता येतात. पेन्शनसारखे चालू उत्पन्न या मर्यादेत मोजत नाहीत, पण ते पेन्शनच आहे हे दाखवावे लागते. म्हणून जमीन विक्रीचे पैसे आणि पेन्शन एकाच खात्यात मिसळू देऊ नका. प्राप्तिकर पोर्टलवर १५सीए (पैसे परदेशी पाठवण्याचे घोषणापत्र) भरा. करपात्र रक्कम वर्षात ५ लाखांवर गेली की सनदी लेखापालाचे १५सीबी प्रमाणपत्र लागते. मग बँकेचा अर्ज, फेमाचे घोषणापत्र आणि परदेशी खात्याचा स्विफ्ट कोड. कर भरल्याची बँकेची खात्री झाली तर पेन्शन थेट एनआरई (अनिवासींचे, पैसे मोकळेपणे परदेशी नेता येणारे) खात्यातही जमा होऊ शकते, आणि तिथून पुढे पाठवायला हे फॉर्म लागत नाहीत.

खाते निवासीच ठेवून निवासींसाठीच्या उदारीकृत प्रेषण योजनेतून पैसे पाठवत राहिलात तर फेमाचे उल्लंघन तर होतेच, शिवाय वर्षाला १० लाखांवरच्या रकमेवर टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक वसूल करते तो कर) कापला जातो. एनआरओतून पाठवलेल्या पैशांवर तो लागत नाही.

पेन्शनरचे परदेशात निधन झाले तर शाखेला त्याच आठवड्यात ईमेलने कळवा, मृत्यूचा दाखला नंतर पाठवला तरी चालेल. त्यानंतर जमा झालेले हप्ते बँक परत घेतेच, आणि ते आधीच काढलेले असतील तर जोडीदाराच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचे काम त्या वसुलीपाशी अडून राहते.