जुनं व्हेनिअर बदलायचंय? आधी त्याच्या आतला दात बघून घ्या

माझ्या वरच्या पुढच्या चार दातांवर पोर्सलेनची व्हेनिअर्स (दाताच्या दर्शनी बाजूला चिकटवलेली पातळ कवचं) आहेत, लग्नाआधी बसवलेली, 13 वर्षं झाली. संक्रांतीला तिळाची वडी पुढच्या दातांनी तोडली आणि एक अख्खं व्हेनिअर हातात आलं. नखाएवढं, अंड्याच्या टरफलासारखं पातळ, बाहेरून पांढरंशुभ्र आणि आतल्या कडेला तपकिरी रेघ. ती रेघ म्हणजे कडेतून आत पाणी, चहा आणि जंतू कधीपासूनच जात होते.

असं झालं तर तो तुकडा धुऊन छोट्या डबीत ठेवा आणि डेंटिस्टकडे घेऊन जा, कारण तो अखंड असेल आणि खालचा दात चांगला असेल तर तोच परत चिकटवता येतो. फेविक्विक अजिबात लावू नका प्लीज. ते वाकडं बसतं, हिरडीला त्रास होतो आणि मग तो गोंद खरवडताना जे व्हेनिअर वाचलं असतं तेही जातं.

नुसता कोपरा उडाला असेल तर बदलायलाच पाहिजे असं नाही. लहान तुकडा कंपोझिटने (दाताच्या रंगाचं भरायचं मटेरियल) एका बैठकीत भरता येतो, म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा की रिपेअर होईल का? बदलायची वेळ येते ती कडा काळी पडलीये, खाली कीड लागलीये, हिरडी सरकून दाताची रेघ दिसतेय, आरपार तडा गेलाय किंवा व्हेनिअर हलतंय अशा वेळी. पोर्सलेन साधारण 10 ते 15 वर्षं टिकतं, कंपोझिट त्याच्या निम्मं धरा, पण वर्षं झाली म्हणून चांगलं बसलेलं काढायला जाऊ नका. कारण घट्ट चिकटलेलं व्हेनिअर नुसतं ओढून निघत नाही, ते डायमंड बरने (ड्रिलच्या हिरेकणी टोकाने) घासूनच काढतात, काही ठिकाणी लेसरने. पुढच्या दाताचं इनॅमल, म्हणजे वरचं कठीण आवरण, जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास, त्यातलं 0.3 ते 0.7 मिलिमीटर बऱ्याचदा पहिल्याच वेळी गेलेलं असतं आणि ते परत येत नाही. इनॅमल फारच कमी उरलं तर नवीन व्हेनिअरची पकड कमी होते आणि मग कॅपचा विषय निघतो.

म्हणून काढायच्या आधी एक्सरे मागा. मी आधी जिथे गेले होते तिथे एक्सरे न काढताच माप घ्यायला निघाले होते, मी उठून आले. दुसऱ्या डॉक्टरांनी एक्सरे काढला तर शेजारच्या दातात व्हेनिअरखाली कीड! ती साफ करून भरली, हिरड्यांतून रक्त येत होतं म्हणून आधी क्लीनिंग करून दोन आठवडे थांबवलं. ओल्या, रक्ताळलेल्या हिरडीजवळ सिमेंट नीट धरत नाही, तेव्हा इथे घाई करू नका.

दात पांढरे करून घ्यायचे असतील तर तेही आधीच, पोर्सलेन नंतर ब्लीच होत नाही. आणि ब्लीचनंतर चिकटवायला साधारण दोन आठवडे जाऊ द्यावे लागतात. शेड दिवसाउजेडी ठरवा, लिपस्टिक पुसून, आणि अपॉइंटमेंटच्या सुरुवातीलाच, कारण तोंड उघडं राहून दात कोरडे पडले की ते आहेत त्यापेक्षा पांढरे दिसतात. समोरच्या दोनांपैकी एकाचाच रंग जुळवणं खूप अवघड असतं, त्यामुळे डॉक्टर दोन्ही करूया म्हणाले तर लगेच संशय घेऊ नका, पण चारच्या चार का बदलायचे हे मात्र विचारा.

मग माप, मॉक-अप (नवीन दात कसे दिसतील याचा तोंडात बसवलेला नमुना). मॉक-अप तोंडात असताना आरशात नुसतं हसून बघू नका, बोलून बघा. "फळा", "वाटी", "साखर" असे शब्द मोठ्याने म्हणा, दात लांब झाले असतील तर फ आणि व म्हणताना खालच्या ओठाला लगेच कळतं.

नवीन व्हेनिअर्स लॅबमधून येईपर्यंत दातांवर टेम्पररी असतात, त्यावर हळद बसते हो, माझे तिसऱ्या दिवशी वरणभाताने पिवळे झाले आणि मी घाबरले, पण ते फेकायचेच असतात. फ्लॉस (दातांच्या फटीतला धागा) मात्र खाली न ओढता बाजूने काढायचा.

चिकटवायच्या दिवशी आधी तात्पुरतं लावून दाखवायला सांगा, लाइट मारून सिमेंट घट्ट झालं की रंग बदलता येत नाही. शेवटी दात कुठे आधी लागतात ते बघायला रंगीत कागद चावायला देतात, पण तेव्हा सुन्न केलेलं असेल तर नीट कळत नाही, म्हणून दोन-तीन दिवसांनी बाइट परत तपासून घ्या. माझा डावीकडचा दात किंचित आधी लागत होता, दोन मिनिटांत घासून झालं. रात्री दात खायची सवय असेल तर त्याच भेटीत नाइट गार्डचं (झोपताना दातांवर घालायचं कव्हर) माप देऊन टाका.