लाळेतून कॉर्टिसॉल तपासायचं असेल तर

कॉर्टिसॉल म्हणजे मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींत बनणारं, ताणाशी निगडित हार्मोन. त्याचा रिपोर्ट आला की आधी नमुना किती वाजताचा आहे ते बघा. सकाळी आठला नॉर्मल ठरणारा आकडा रात्री अकराला काळजीचा असू शकतो.

याचं मूळ मेंदूत आहे. हायपोथॅलॅमसमध्ये, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या लगेच वर, साधारण 20 हजार चेतापेशींचं घड्याळ आहे. डोळ्यांत येणाऱ्या उजेडावर ते रोज वेळ जुळवतं. अ‍ॅड्रिनल ग्रंथीपर्यंत त्याचा निरोप मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या एसीटीएच या हार्मोनमार्फत जातो आणि शिवाय थेट नसांमधूनही. म्हणून कॉर्टिसॉल पहाटे चढतं, जाग आल्यावर 30 ते 45 मिनिटांत आणखी उसळतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं. तेही एका रेषेत उतरत नाही, साधारण तासातासाने उसळी मारतं. त्यामुळे दुपारी कधीतरी दिलेल्या एकाच नमुन्यावरून फारसं काही कळत नाही.

सकाळची उसळी मोजायची असेल तर लाळेच्या नळ्या, पेन आणि कागद रात्रीच उशाशी ठेवा. डोळे उघडताच, अंथरुणातच पहिला नमुना. मग 30 आणि 45 मिनिटांनी पुढचे. तोवर दात घासणं, चहा, सिगारेट बंद. तहान लागली तर पाणी चालेल, पण नमुन्याआधीची 10 मिनिटं तेही नको. सगळ्यात जास्त घोळ पहिल्या नळीत होतो: गजर बंद करून पंधरा मिनिटं लोळलात की चढ आधीच सुरू झालेला असतो आणि उसळी कमी दिसते. ठरलेली नव्हे, खरी वेळ लिहा.

कुशिंगचा, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल सतत जास्त राहण्याच्या आजाराचा, संशय असेल तर नमुना रात्रीचा, नेहमीच्या झोपेच्या वेळी, किमान दोन वेगवेगळ्या रात्री. हिरड्यांतून रक्त येत असेल तर त्या दिवशी थांबा, कारण रक्तात कॉर्टिसॉल लाळेपेक्षा बरंच जास्त असतं. रात्रपाळी करणाऱ्यांसाठी ही चाचणी भरवशाची नाही.

लाळ टिपायच्या कापसाच्या बोळ्याला बोट लावू नका. खाजेच्या मलमातलं हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे कॉर्टिसॉलच. बोटाला लागलेला अंशही आकडा फुगवतो. स्टेरॉइडच्या गोळ्या, इनहेलर, सांध्यातली इंजेक्शनं यांचीही डॉक्टरांना कल्पना द्या. मात्र चाचणीसाठी म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नका: बाहेरून स्टेरॉइड मिळत असताना मेंदू एसीटीएच आवरता घेतो, आणि औषध अचानक थांबलं तर अ‍ॅड्रिनल ग्रंथी लगेच कामाला लागत नाही.