पुढचा अ‍ॅक्सल बदलताना

माझ्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीला ३५ इंची टायर आणि पुढचा लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरायला लावणारी यंत्रणा) बसवल्यावर खडकाळ चढावर स्टीअरिंग पूर्ण वळवून रेस दिली की चाकाला ताकद देणाऱ्या पुढच्या शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट (शाफ्टला कोनात फिरू देणारा सांधा) तुटायचा. चाक वळलेलं असताना जॉइंट मोठ्या कोनात फिरतो, त्यात लॉकरमुळे जवळजवळ सगळी ताकद पकड असलेल्या एकाच चाकावर येऊ शकते. भक्कम जॉइंट घातला, तर पुढच्या वेळी शाफ्टचे कान (जॉइंट धरणारी टोकं) फाटले. मग अख्खा अ‍ॅक्सलच बदलायचं ठरवलं.

पर्याय दोन होते, डाना ४४ आणि डाना ६० हे अ‍ॅक्सल. डाना ४४ चं क्राउन व्हील (अ‍ॅक्सलमधलं मोठं दातेरी चाक) साधारण ८.५ इंचांचं, डाना ६० चं ९.७५. ६० फारच दणकट, पण जड, आणि त्याचं डिफरन्शियल (अ‍ॅक्सलवरचा गिअरचा फुगीर भाग) इतकं मोठं की दगडांवर तेच आधी टेकतं. माझ्या टायरना ४४ योग्य वाटला. ३७ इंचांच्या पुढे जायचं असेल, तर मात्र सरळ ६० घ्यावा.

हाय पिनियन प्रकार मुद्दाम शोधला, म्हणजे क्राउन व्हीलला फिरवणारा छोटा गिअर (पिनियन) वरच्या बाजूला असलेला. पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये त्याचे दाते भक्कम बाजूने भार घेतात, शिवाय अ‍ॅक्सलपर्यंत ताकद आणणारा प्रॉपेलर शाफ्ट उंच राहतो.

गिअर रेशो (चाकाच्या एका फेरीमागे प्रॉपेलर शाफ्टच्या किती फेऱ्या) मागच्या अ‍ॅक्सलशी जुळलाच पाहिजे, नाहीतर फोर-व्हीलमध्ये ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) आवळून बसते.

सगळ्यात जास्त वेळ कॅस्टरने, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याच्या मागे झुकलेल्या कोनाने, खाल्ला. पिनियन वर उचलला की कॅस्टर कमी होतो आणि गाडी वेगात भरकटते. शेवटी नकल (चाकासोबत वळणारा भाग) धरणारे सी-आकाराचे टोक कापून, फिरवून पुन्हा वेल्ड करून घेतले. आता कॅस्टर ६ अंशांवर आहे आणि स्टीअरिंग वळणानंतर आपोआप सरळ येतं.