जनावरांच्या वाटेवर कॅमेरा: स्थलांतर टिपण्याची पद्धत

स्थलांतराचे फोटो काढायला निघालेली बहुतेक मंडळी कळपामागे धावतात आणि शेपट्यांचे फोटो घेऊन परततात. चालता कळप गाठता येत नाही, आणि गाठलाच तर पाठमोरा मिळतो. त्यामुळे कामाचा क्रम उलटा ठेवावा लागतो. आधी जागा शोधा, मग फ्रेम बांधा, आणि जनावर त्या फ्रेममध्ये आपल्या पायांनी येईपर्यंत थांबा.

जागा कशी हेरायची

मोकळ्या माळावर कळप कुठूनही जातो. नदी, कड्याची रांग, कुंपण किंवा महामार्ग आडवा आला की तोच कळप काही मीटरच्या फटीत गोळा होतो. तुम्हाला हवी आहे ती ही फट. उपग्रहनकाशावर दोन टेकड्यांमधली खिंड, नदीचा उथळ उतार, कुंपणाचा शेवट आणि रस्त्याखालचे मोठे पूल अशा जागांवर खुणा करा. माग काढणारा गळपट्टा लावलेल्या जनावरांचे काही मार्ग मूव्हबँक या जनावरांच्या हालचालींच्या ऑनलाइन नोंदसाठ्यावर खुले आहेत. पक्ष्यांसाठी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर आठवड्यागणिक नोंदींचे आलेख मिळतात. अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये ट्रॅपर्स पॉइंटला प्रॉन्गहॉर्नची (तिथल्या हरणासारख्या खुरी जनावराची) वाट अशीच अरुंद होते. तिथे महामार्गावरून २०१२ मध्ये खास जनावरांसाठी पूल बांधला गेला.

नकाशानंतर पायी फिरा, तेही जनावरं तिथे नसतील अशा वेळी. ताजी लीद, एकमेकींत मिसळत जाणाऱ्या पायवाटा आणि खुरांनी घासून खाली बसलेला नदीकाठ, या तिन्ही खुणा एका ठिकाणी दिसल्या तर जागा पक्की समजा. कुंपणापाशी आणखी बारकाईने बघा. प्रॉन्गहॉर्न धावण्यात सहसा कुणाला हार जात नाही, पण तारेवरून उडी मारणं टाळतो आणि सगळ्यात खालच्या तारेखालून सरपटत निघतो. म्हणून तुमची नजर वरच्या तारांवर नको. गुडघ्यावर बसा आणि खालच्या तारेच्या काट्यांत अडकलेले केसांचे पुंजके शोधा. हे केस आतून पोकळ असतात आणि बोटांत चुरले तर तुटतात. तार जमिनीपासून साधारण ४० सेंटिमीटरहून खाली असेल तर जनावर तिथून माघारी फिरतं. मग कुंपणाच्या कडेने चालत राहा. कुठेतरी खळगा असतो, तिथे तार उंच राहते आणि केसही तिथेच सापडतात.

वेळेबाबत एकच सल्ला: तारखेवर विसंबू नका. पूर्व आफ्रिकेतल्या मारा नदीवरची विल्डबीस्टची (तिथल्या मोठ्या, गडद अंगाच्या हरणांची) ओलांडणी साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात होते. अमेरिकेतल्या नेब्रास्कात प्लॅट नदीवर सँडहिल क्रौंचांची गर्दी मार्चच्या उत्तरार्धात शिगेला पोचते. पण पाऊस किंवा वारा बदलला की आठवडाभराचा फरक सहज पडतो. सलग सात दिवस हाताशी नसतील तर अपेक्षा कमी ठेवून जा.

नदीवरची ओलांडणी

विल्डबीस्ट काठावर तासन्‌तास घोळका करून उभे राहतात, धूळ उडवतात आणि कित्येकदा पाण्याला तोंड न लावता मागे फिरतात. बऱ्याचदा त्यांना मागे फिरवणारी गोष्ट म्हणजे काठावर आलेली गाडी. पहिली जनावरं पाण्यात पडेपर्यंत गाडी काठापासून मागे, इंजिन बंद करून उभी ठेवा. समोरच्या काठावर ती जिथून वर चढणार ती जागा कधीही अडवू नका, कारण तिथे अडलेली जनावरं पाण्यातच एकमेकांवर चढतात. चालक पुढे सरकायला उत्सुक असेल तर त्याला आधीच स्पष्ट सांगून ठेवा.

१००–४०० किंवा २००–६०० मिमीची लेन्स पुरते. उडी गोठवायची तर शटर १/१६०० ते १/२५०० सेकंद ठेवा. गडद अंगाची जनावरं आणि चमकणारं पाणी एका फ्रेममध्ये आली की कॅमेरा गडद रंगाला भुलतो आणि पाण्याचा तपशील जाळून टाकतो. एक्स्पोजर (फोटोत येणारा प्रकाश) ०.३ ते ०.७ स्टॉपने खाली ओढा; एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. गाडीत ट्रायपॉड नुसता अडचण करतो. दोन-तीन किलो धान्य भरलेली बीनबॅग खिडकीवर ठेवा. ती रिकामी न्यावी आणि तिथे पोचल्यावर भरावी.

लेन्स बदलण्याचा मोह आवरा. धुळीत एकदा बॉडी उघडली की पुढच्या प्रत्येक आकाशात काळे ठिपके दिसतात. जमलं तर दोन बॉडी घ्या, एकीवर लांब लेन्स आणि दुसरीवर २४–७० मिमी. सकाळी नऊ-दहानंतर तापलेल्या जमिनीवरून हवा थरथरू लागते. त्या थरथरीतून लांब लेन्सने काढलेला फोटो मऊ येतो, आणि कितीही महाग काच असली तरी त्यावर इलाज नाही. अशा वेळी जवळचं टिपा किंवा रुंद लेन्सने जागा दाखवा.

वाटेवर कॅमेरा ट्रॅप

जी वाट जनावरं रात्री किंवा माणूस नसतानाच वापरतात, तिथे कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, हाच एक उपाय. जुना डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) उत्तम. तो स्टँडबायमध्ये आठवडे काढतो आणि झटकन जागा होतो. मिररलेस (बिनआरशाचा कॅमेरा) जागा व्हायला वेळ घेतो आणि बॅटरीही खातो.

बहुतेक ट्रॅप फसतात ते सेन्सरच्या मांडणीमुळे. पीआयआर (उष्णतेची हालचाल ओळखणारा) सेन्सर आसपासच्या तापमानाहून वेगळी उष्णता त्याच्या नजरेसमोरून *आडवी* सरकली की चालतो. सरळ त्याच्याकडे येणारं जनावर त्याला उशिरा कळतं. फोटोत मात्र जनावर तुमच्याकडे येताना हवं असतं. म्हणून सेन्सर आणि कॅमेरा वेगळे ठेवा. सेन्सर वाटेला काटकोनात, दोन-तीन मीटरवर, जनावराच्या छातीच्या उंचीला बांधा. कॅमेरा वाटेशी ३०–४५ अंशांचा कोन करून, जमिनीपासून ५०–६० सेंटिमीटरवर लावा.

विलंबाचाही हिशेब करावा लागतो. सेन्सर आणि शटर मिळून ०.४ सेकंद गेले आणि हरीण सेकंदाला दीड मीटर चालत असेल, तर ते तोवर ६० सेंटिमीटर पुढे गेलेलं असतं. तेवढं अंतर पुढे धरून फोकसचा बिंदू ठरवा. धावणाऱ्या जनावराला हे गणित लागू पडत नाही. ते सेकंदाला दहा मीटर गेलं तर चार मीटर निसटतं. त्यामुळे ट्रॅप चढावर, कुंपणापाशी किंवा पाण्यातून बाहेर पडण्याच्या जागी लावावा, म्हणजे जिथे चाल आपोआप मंदावते.

फोकस मॅन्युअल करा आणि रिंग टेपने बांधून टाका. फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) २४ मिमी लेन्स एफ/८ ला (हे लेन्सच्या छिद्राचं, म्हणजे ॲपर्चरचं माप) २.४ मीटरवर फोकस केली की १.२ मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. १६ मिमीला फोकसचं हे अंतर जेमतेम १.१ मीटर होतो, तर ३५ मिमीला पाच मीटरच्या थोडा पुढे जातो.

एक्स्पोजर मॅन्युअल ठेवा: शटर १/२०० सेकंद, सावलीत एफ/८, उघड्या उन्हात एफ/११, आणि ऑटो आयएसओची (कॅमेऱ्याने आपणहून ठरवलेल्या प्रकाशसंवेदनशीलतेची) कमाल मर्यादा १६००. ॲपर्चर प्रायॉरिटीवर (शटरची वेळ कॅमेराच ठरवतो त्या मोडवर) सोडलेला कॅमेरा रात्री शटर ३० सेकंद उघडं ठेवतो, आणि फ्लॅशने गोठलेल्या हरणाभोवती त्याचंच भूत पसरलेलं दिसतं. काही कॅमेरे फ्लॅश जोडलेला दिसला की ऑटो आयएसओ गुपचूप एकाच आकड्यावर बांधून टाकतात. म्हणून काळोख पडल्यावर एकदा चाचणी घ्याच.

फ्लॅश दोन लावा, कॅमेऱ्यापासून दोन्ही बाजूंना, दीड मीटरहून उंच. लेन्सला खेटून लावले तर डोळे पेटल्यासारखे येतात आणि पावसाचा प्रत्येक थेंब पांढरा गोळा होतो. ताकद १/८ ते १/१६ ठेवा. कमी ताकदीला चमक फार थोडा वेळ टिकते, त्यामुळे पाय गोठतात. पुढच्या चमकेची तयारीही लगेच होते आणि बॅटरी पुरते. निकॉनचा जुना एसबी-२८ फ्लॅश या कामात आजही लोकप्रिय आहे, कारण तो झोपेतून क्षणात उठतो. थंड प्रदेशात लिथियम सेल वापरा. एका जनावराला दोन-तीन चमका पुरेत, त्यानंतर किमान अर्धा मिनिट विराम घ्या. वारंवार चमकणाऱ्या वाटेवरून जनावर जायचं टाळतं आणि तुम्ही निवडलेली फट तुमच्यामुळेच बंद होते.

निघण्याआधी सेन्सरसमोरून हातापायांवर रांगत जा. लाजून उपयोग नाही, उभ्या माणसाने केलेली चाचणी खोटी असते. सेन्सरसमोरचं गवत कापा, नाहीतर उन्हात हलणाऱ्या पात्यांचे हजार फोटो घेऊन कार्ड भरेल. भर दुपारी जमीन जनावराच्या अंगाइतकी तापली तर सेन्सर गप्प बसतो, त्याला दोष देऊ नका. वायरी जमिनीत पुरा, उंदीर कुरतडतात. पेटीत सिलिका जेल टाका आणि लेन्सपुढच्या नळीत कोळ्याने जाळं विणलंय का ते दर फेरीला बघा.

रात्रथाऱ्यावरचे पक्षी

क्रौंच रात्री उथळ पात्रात उभे राहतात आणि उजाडता उडतात. लपणात त्यांच्या येण्याआधी शिरा आणि ते उठून गेल्यावरच बाहेर या. मधेच बाहेर पडलात तर अख्खा थवा उडतो आणि त्यांची रात्र वाया जाते. ऑटोफोकसचा दिवा बंद करा, मागच्या स्क्रीनवर आणि लाल टिपक्यावर काळी टेप लावा, मोबाइल बंद करा. इलेक्ट्रॉनिक शटर निःशब्द असतं, पण फडफडणाऱ्या पंखांना वाकडं करतं. ते थवा बसलेला असताना वापरा. उठायला लागला की मेकॅनिकल चालतं, तेव्हा आवाज कुणी ऐकत नाही.

झुंजुमुंजूला आयएसओ ३२०० ते ६४०० लागेल. उजळ आकाशापुढचे पक्षी काळे पडू नयेत म्हणून एक्स्पोजर १ ते १.७ स्टॉपने वर न्या. सूर्य येईपर्यंत काही फ्रेम मुद्दाम १/१५ सेकंदाला काढा आणि थव्याच्या दिशेने कॅमेरा फिरवा. दहातली एखादीच साधते, पण उड्डाणाची लाट तिच्यातच दिसते.

जागेचाही फोटो हवा

नुसत्या गर्दीच्या फोटोतून वाट कळत नाही. ट्रायपॉडच्या पायांच्या जागी तीन खुंट्या ठोका, फोकल लेन्थ वहीत लिहा आणि त्याच फ्रेममध्ये रिकामी वाट, भरलेली वाट आणि नंतर खुरांनी नांगरलेली वाट असे तीन फोटो घ्या. शक्य असल्यास कुंपण, रस्ता किंवा पूल फ्रेममध्ये ठेवा.

वरून टिपण्यासाठी ड्रोन नेणार असाल तर आधी नियम वाचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून त्याला बंदी आहे, इतर अनेक देशांत वेगळी परवानगी लागते. ट्रॅपसाठी वनखात्याची किंवा जमीनमालकाची लेखी परवानगी घ्या आणि तिची प्रत पेटीत ठेवा. शिकारीचा धोका असलेल्या जातीचा फोटो कुठेही टाकण्याआधी त्यातली जीपीएस नोंद काढा आणि मागे ओळखता येणारी टेकडी असेल तर फ्रेम कापा. शेवटचा कळप गेल्यावर पट्टे, खुंट्या, टेप आणि पुरलेल्या वायरी मोजून परत आणा. किती नेल्या होत्या हे वहीच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवलेलं असावं.