वर्तनवादाचं उत्तर लिहिताना या चुका टाळा

मे महिना, नागपूर, कूलरची घरघर आणि समोर बालमानसशास्त्राच्या सराव पेपरांचा गठ्ठा. दरवर्षी पोरं नवी, चुका जुन्याच. टीईटीवाले असोत, बी.एड.चे असोत की एम.ए.चे, पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणतंच, ‘‘चार ओळीत सांगून टाका न मॅडम!’’ त्या चार ओळींनीच घात होतो. वर्तनवाद म्हणजे मानसशास्त्राने दिसणाऱ्या, मोजता येणाऱ्या वर्तनाचाच अभ्यास करावा असं सांगणारा विचार; तो जाहीरपणे मांडला वॉटसन या मानसशास्त्रज्ञाने.

सगळ्यात जास्त लाल शाई जिथे सांडते तिथूनच सुरुवात करते. ‘ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा.’ नाही, नाही आणि नाही. प्रबलन म्हणजे वर्तन वाढवणारा परिणाम. ऋण म्हणजे वाईट नव्हे, ऋण म्हणजे वजा. भर दुपारी बर्डीच्या बाजारातून घरी आलात, खोली भट्टीसारखी तापलेली. कूलर लावला, काहिली कमी झाली. दुसऱ्या दिवशी चपला काढायच्या आधी हात बटणाकडे जातो. त्रास वजा झाला आणि वर्तन वाढलं, हे ऋण प्रबलन. आता त्याच कूलरच्या पत्र्याला ओला हात लागला, शॉक बसला आणि तुम्ही तिथे हात लावणं सोडलं. वर्तन घटलं, ही शिक्षा. मी तर नाव लिहूच देत नाही आधी. समासात बाण काढायचा: वर्तन वाढलं तर वर, घटलं तर खाली. मग नाव. ही काही पद्धत नव्हे, माझी खोड आहे, पण बाण काढणारा सहसा चुकत नाही. बाण काढायला दोन सेकंद लागतात, आणि नेमके तेवढे दोन सेकंद कुणाकडे नसतात.

शिवाय प्रश्न ‘आरंभीचा वर्तनवाद’ असा असेल, तर ‘ऋण प्रबलन’ हा शब्द उत्तरात मुळात आलाच कसा? धन प्रबलन (हवंसं काही मिळून वर्तन वाढणं), ऋण प्रबलन हा पुढचा, नंतरच्या पिढीतल्या स्किनर या वर्तनवाद्याचा संसार; त्याचं पहिलं मोठं पुस्तक 1938चं. वॉटसनला थॉर्नडाइकचा परिणामाचा नियमसुद्धा रुचला नव्हता. ज्या कृतीनंतर समाधान मिळतं ती पक्की होते, असा तो नियम, पेटीत कोंडलेल्या मांजरांवरून काढलेला. मांजराला ‘समाधान’ वाटलं हे तुम्ही पाहिलं का, असा त्याचा आक्षेप. एखादी कृती पक्की होते ती वारंवार आणि अलीकडे घडल्यामुळे, एवढंच तो मानायला तयार होता.

आता वॉटसनचं ते डझनभर बालकांचं वाक्य. मला डझनभर सुदृढ बालकं द्या, त्यातल्या कुणालाही हवं ते बनवून दाखवतो, डॉक्टर, वकील, चोरसुद्धा, अशा अर्थाचं. काही वर्षांपूर्वी इथल्याच एका शाळेच्या पालकसभेत मी पाहुणी म्हणून बसले होते. माझी जुनी विद्यार्थिनी तिथे नवीन शिक्षिका. तिने ते वाक्य मोठ्या चार्टवर लिहून आणलेलं, खणखणीत वाचलं. मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. ‘‘डझन कायले पाहिजे मॅडम? माह्यं एकच पोरगं आहे. त्यालेच डॉक्टर करून द्या. अन् लेखी द्या.’’ सभागृह हसलं, पोरगी रडकुंडीला आली. मी उठून सांगितलं, की याच्या लगेच पुढे वॉटसन स्वतःच कबूल करतो, आपण हातातल्या पुराव्याच्या पुढे जाऊन बोलतोय. पण उलट बाजूचे, म्हणजे सगळं आनुवंशिकतेवर टाकणारे लोक तर हजारो वर्षं तेच करत आलेत, असंही तो म्हणतो. नंतर चहाच्या वेळी तिला विचारलं, अर्धं वाक्य कुठून उचललंस? ‘‘मॅडम, तुमच्याच नोट्स आहेत.’’ खरंच होत्या. घाईत छापून घेतलेल्या, दुसरं वाक्य जागेअभावी गाळलेलं. तेव्हापासून ते मी फळ्यावर दोन्ही वाक्यांसकट लिहिते, आणि गाइडवाल्यांना शिव्या देताना आवाज जरा खाली ठेवते.

वॉटसनच्या प्रयोगशाळेतल्या छोट्या अल्बर्टच्या प्रयोगावरची टीका ‘तो अनैतिक होता’ एवढ्यावर संपवू नका. अनैतिक होताच. पांढरा उंदीर दाखवताना 11 महिन्यांच्या लेकरामागे पोलादी दांडा बडवायचा, उंदराची भीती बसवायची आणि ती न घालवता सोडून द्यायचं. पण शास्त्र म्हणूनही तो लंगडा आहे. मूल एकच. भीती सशाकडे, कुत्र्याकडे आपोआप पसरली म्हणतात. पण मधल्या टप्प्यात ससा आणि कुत्रा दाखवतानाही दांडा वाजवला होता. मग ते निखळ सामान्यीकरण कसं? महिन्याभराने प्रतिक्रिया सौम्यही झाली होती. भीती घालवण्याचं काम 1924मध्ये मेरी कव्हर जोन्सने केलं, ते पीटर नावाच्या दुसऱ्या मुलावर. अर्धे पेपर अल्बर्टलाच बरं करून घरी पाठवतात.

उरलेल्या भराभर. पाव्हलॉव्हला 1904चं नोबेल पचनक्रियेवरच्या कामासाठी मिळालं, अभिसंधानासाठी, म्हणजे आवाजासारख्या इशाऱ्याला कुत्र्याची लाळ सुटू लागते त्या कामासाठी, नाही. तो मानसशास्त्रज्ञ नव्हता, शरीरक्रियाशास्त्रज्ञ होता. 1913चा वॉटसनचा वर्तनवादाचा जाहीरनामा पाव्हलॉव्हवर उभा नाही. त्याचा रोख अंतर्निरीक्षणावर, म्हणजे आपल्याच मनात डोकावून सांगण्याच्या पद्धतीवर होता, आणि पाव्हलॉव्हचा अभिसंधित प्रतिक्षेप (इशाऱ्याला जोडली गेलेली प्रतिक्रिया) वॉटसनने 1915च्या अध्यक्षीय भाषणात उचलून धरला. भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीची 1959ची टीका स्किनरवर आहे, ती वॉटसनच्या गळ्यात बांधू नका. ‘स्किनर मनातल्या घडामोडी नाकारतो’ हेही चूक: त्या तो मानतो, त्यांना वर्तनाचं कारण मानत नाही.

टोलमन या मानसशास्त्रज्ञाला वर्तनवादाच्या विरोधी पक्षात बसवायची हौस मात्र कळत नाही. तो स्वतःला वर्तनवादीच म्हणवत होता. 1930च्या प्रयोगात त्याच्या आणि हॉन्झिकच्या एका गटातल्या उंदरांना भुलभुलैयात दहा दिवस काहीच खायला नव्हतं. अकराव्या दिवशी अन्न ठेवलं, आणि लगेच पुढच्या दिवशी त्यांच्या चुका धाडकन उतरल्या. म्हणजे बक्षीस नसतानाही ते रस्ता शिकत होते, दाखवत नव्हते. घरातल्याच माणसाने भिंतीला भगदाड पाडलं, म्हणून ही टीका वजनदार. हे लिहा, पाच गुणांचं आहे.

आणि कृपा करून ‘वॉटसन व त्याची मदतनीस’ असं लिहू नका. अल्बर्टच्या प्रयोगाच्या 1920च्या लेखावर दोन नावं आहेत. दुसरं रोझाली रेनर.