रात्री हाताला मुंग्या येतात? मनगटाच्या नसेबाबत या चुका टाळा

मध्यरात्री हात बधिर होऊन जाग येते. हात झटकला, पलंगाखाली लोंबता सोडला की मुंग्या ओसरतात आणि परत झोप लागते. सकाळी कामाच्या रगाड्यात सगळं विसरायला होतं. मनगटात नस दबण्याच्या आजाराची, म्हणजे कार्पल टनेल सिंड्रोमची सुरुवात बहुतेकांची अशीच होते. "हात अंगाखाली आला असेल" म्हणून महिनोन् महिने काढणं ही पहिली चूक.

मनगटात तळव्याच्या बाजूला एक अरुंद बोगदा असतो. तीन बाजूंनी हाडं आणि वरून एक जाड, न ताणणारा पट्टा. बोटं आणि अंगठा मिटवणारे नऊ स्नायुबंध आणि मीडियन नावाची नस त्यातूनच जातात. आत सूज आली की जागा कमी पडते आणि नस चेपली जाते. मनगट वाकलं की दाब आणखी वाढतो, आणि झोपेत आपण तासन् तास मनगट मुडपून, हात गालाखाली किंवा उशीखाली घेऊन पडलेले असतो. म्हणून हे दुखणं रात्रीचं.

मानेचा एक्सरे आधी, हात नंतर

हाताला मुंग्या म्हटलं की लोक थेट मानेचा एक्सरे काढतात. चाळिशी-पन्नाशीत तिथे थोडीफार झीज बहुतेकांना दिसतेच. मग "मणक्यात गॅप आहे" म्हणून गळ्याला पट्टा लागतो आणि मनगट बाजूला राहतं. त्याआधी कोणती बोटं बधिर होतात ते नीट पाहा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा मधल्या बोटाकडचा अर्धा भाग असेल, तर संशय मनगटावर घ्यायचा. मुख्य त्रास करंगळीत असेल, तर नस वेगळी आहे. ती बहुधा कोपरापाशी दबते. मान हलवल्यावर खांद्यापासून कळ येत असेल, तर मान तपासणं बरोबरच. दोन्ही पायांनाही मुंग्या येत असतील, तर साखर आणि बी-१२ तपासून घ्या. मात्र हात अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर विचार करत बसू नका, लगेच रुग्णालय गाठा.

पट्टा दिवसा, आणि तोही करकचून

सर्वांत जास्त घोळ इथे होतो. मेडिकलमधून मनगटाचा पट्टा आणतात, दिवसभर कामात घालतात आणि रात्री काढून ठेवतात. खरी गरज रात्रीची आहे. पट्ट्यात मनगट सरळ राहायला हवं, पुढे नाही, मागे नाही. बाजारातल्या बऱ्याच पट्ट्यांतली धातूची पट्टी मनगट मागे वाकेल अशी वळवलेली असते. ती बाहेर काढून सरळ करता येते, किंवा फिजिओथेरपिस्टकडून करून घ्या. बोटं आणि अंगठा मोकळे हलले पाहिजेत. क्रेप बँडेज घट्ट गुंडाळण्याने फायदा नाही, उलट दाब वाढतो. आणि चार रात्रींत निकाल लावू नका. किमान सहा आठवडे रोज रात्री घालून पाहा.

जोरजोरात मालीश आणि बोटं ओढून मोडणं यांनीही नस मोकळी होत नाही.

दोष फक्त कीबोर्डला

कॉम्प्युटरला सगळे बोल लावतात, पण त्याला दोषी ठरवणारा पुरावा तितका पक्का नाही. जोर लावून पकडणं, तीच हालचाल सतत करणं आणि हाताला बसणारी यंत्राची थरथर यांच्याशी या आजाराचा संबंध जास्त स्पष्ट आहे. म्हणजे ढीगभर पोळ्यांची कणीक तिंबणारी, चादरी पिळणारी, शिवणकाम करणारी बाई किंवा ड्रिल चालवणारा कारागीर यांना जोखीम अधिक. आपल्याकडे घरातल्या बाईचं हे दुखणं "काम कोणाला चुकलंय" म्हणून उडवून लावलं जातं, हे मला फार खटकतं. कणीक थोडी सैल भिजवून दोन टप्प्यांत मळा, जाड कपडे पिळायला दुसऱ्याला द्या, मुठीत नीट न बसणाऱ्या बारीक दांड्याला कापड गुंडाळून तो जाड करा. मोबाईल एकाच हातात धरून मनगट मुडपून तासभर पाहू नका.

मुळाकडे दुर्लक्ष

मधुमेह, थायरॉइड कमी असणं, संधिवात, वाढलेलं वजन यांच्यात हा आजार जास्त दिसतो. ते आटोक्यात नसेल, तर नुसत्या पट्ट्यावर भागत नाही. गरोदरपणात झालेला त्रास बहुधा बाळंतपणानंतर ओसरतो. तोवर रात्रीचा पट्टा वापरा, मनाने गोळ्या घेऊ नका. "नसांच्या गोळ्या" म्हणून वर्षानुवर्षं बी-६ चे मोठे डोस घेणंही धोक्याचं, कारण अतिरेकाने तेच नसांना इजा करतं. डॉक्टरांनी मनगटात स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवलं, तर मधुमेह असल्याचं सांगा. त्यानंतर काही दिवस साखर वाढू शकते.

दुखणं थांबलं म्हणजे बरं झालं

ही चूक सर्वांत महागात पडते. नस फार काळ दबली की कळ कमी होते, पण बधिरपणा चोवीस तास राहतो. बटण लागत नाही, हातातून कप सुटतो, अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा बसत जातो. ही नस खराब होत चालल्याची खूण आहे. यातलं काही दिसलं, तर हाडांच्या किंवा मेंदूविकाराच्या डॉक्टरांना लगेच दाखवा. नसेतून विद्युत लहर किती वेगाने जाते याची तपासणी ते करून घेतात.

"ऑपरेशनमध्ये नस कापतात" ही भीती निराधार आहे. कापतात तो नसेवरचा जाड पट्टा, बहुधा फक्त हात बधिर करून. रात्रीच्या मुंग्या अनेकांच्या लवकर थांबतात. बसलेला स्नायू मात्र उशीर झाला असेल तर पूर्ण भरून येईलच असं नाही. तळव्याच्या बुडाशी काही आठवडे, कधी काही महिने दुखतं, ते अपेक्षितच असतं. त्या भीतीने हात गळ्यात बांधून ठेवू नका. जड उचलणं डॉक्टर सांगतील तोवर टाळा, पण बोटं पहिल्या दिवसापासून हलवत राहा.