दुसरं लग्न आणि मृत्युपत्र : पहिल्या लग्नाच्या मुलांचा वाटा बुडवणाऱ्या या चुका टाळा

"सगळं बायकोच्या नावावर करतो, पुढे ती मुलांना देईलच." दुसरं लग्न केलेल्या माणसाच्या मृत्युपत्रातलं सगळ्यात घातक वाक्य हेच. बायको वाईट असते म्हणून नव्हे. ती सावत्र मुलांवर पोटच्या मुलांइतकी माया करत असेल, पण स्वतःचं मृत्युपत्र न करता ती गेली तर पुढचं कायदा ठरवतो. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे (१९५६) बाईची मालमत्ता आधी तिच्या मुलांना आणि नवऱ्याला मिळते. या 'मुलांत' सावत्र मुलं मोडत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये स्पष्ट केलं आहे. ती येतात नवऱ्याचे वारस म्हणून, म्हणजे तिला स्वतःचं मूलबाळ नसेल तेव्हा. तिला आधीच्या लग्नाचा मुलगा असेल, तर तुमचा फ्लॅट त्याच्याकडे जाईल आणि तुमची मुलगी बाहेर राहील.

यावर उपाय आहे. राहत्या घराची मालकी मुलांना द्या आणि बायकोला हयात असेपर्यंत तिथे राहण्याचा हक्क द्या. मात्र हे लिहितानाच पुष्कळ जण फसतात. 'तिच्या पोटगीच्या हक्कापोटी हे घर देत आहे' असं काही लिहिलं, तर याच कायद्याच्या कलम १४(१) खाली तो मर्यादित हक्क पूर्ण मालकीत बदलू शकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७७ च्या तुलसम्मा निकालापासून हा वाद चालत आला आहे. म्हणून हा भाग छापील नमुन्यावरून उतरवू नका, वकिलाकडूनच लिहून घ्या. सोसायटीचा मेंटेनन्स आणि घरपट्टी कोण भरणार, तिला घर भाड्याने देता येईल का, हेही त्यातच लिहा. तिच्या खर्चासाठी ठेव किंवा रोख वेगळी आणि पूर्ण मालकीने द्या. ज्या बाईने तुमच्या उतारवयात साथ दिली, तिला महिन्याच्या खर्चासाठी सावत्र मुलांपुढे हात पसरायला लावणं मला अन्यायाचं वाटतं.

फ्लॅट खरंच सगळा तुमचा आहे का?

पहिल्या पत्नीसोबत निम्म्या-निम्म्या मालकीने घर घेतलं आणि ती मृत्युपत्र न करता गेली, असं समजा. तिचा अर्धा हिस्सा त्याच दिवशी नवरा आणि मुलांत समान वाटला गेला. दोन मुलं असतील, तर प्रत्येकाला घराचा सहावा हिस्सा मिळाला आणि नवऱ्याकडे दोन तृतीयांश राहिले. तरीही पुढे हा गृहस्थ अख्खा फ्लॅट मृत्युपत्राने देऊन टाकतो. मुलांचा हिस्सा त्याने जात नाही, पण तो मिळवायला त्यांना सावत्र आईविरुद्ध कोर्टात उभं राहावं लागतं. मृत्युपत्राआधी कागद काढून स्वतःचा हिस्सा नेमका किती ते बघा.

मृत्युपत्रच नाही

'कायद्याने सगळ्यांना सारखंच मिळेल' हे पहिल्या फेरीपुरतं खरं आहे. मागे आई, दुसरी पत्नी, पहिलीची मुलगी आणि दुसरीचा मुलगा असे चौघे असतील, तर प्रत्येकाला पाव हिस्सा. पत्नी गेली की तिचा पाव तिच्या मुलाकडे जातो. त्याच्याकडे निम्मं होतं, मुलीकडे पावच राहतं. बायकोच्या आधीच्या लग्नाचं मूल, ज्याला तुम्ही लहानाचं मोठं केलं, त्याला तर दत्तक घेतल्याशिवाय तुमच्या वारसांत जागाच नाही. त्याला काही द्यायचं असेल तर नाव घालूनच लिहावं लागेल.

जुनं मृत्युपत्र तसंच

हिंदूंचं मृत्युपत्र लग्नाने रद्द होत नाही. त्यामुळे घटस्फोटित पत्नीला सगळं देणारा वीस वर्षांपूर्वीचा कागदही जिवंत असतो. ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांत उलट आहे. तिथे लग्नाने आधीचं मृत्युपत्र रद्द होतं आणि मुलांसाठी जपून केलेली सोय नव्या लग्नाच्या दिवशीच संपते. मुस्लिमांना साधारणपणे एक तृतीयांशाबाहेर मृत्युपत्राने देता येत नाही. गोव्याच्या वारसा कायद्यात मुलांचा अर्धा वाटा राखीव असतो. तिथली माणसं मुंबईचा नमुना वापरतात तेव्हा घोळ होतो.

नॉमिनी म्हणजे मालक, हा समज

शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं की नॉमिनी मालक होत नाही. पण विम्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर पती-पत्नी, आईवडील किंवा मुलं नॉमिनी असतील तर रक्कम सहसा त्यांचीच होते. तेव्हा पॉलिसीवर कोणाचं नाव आहे ते आजच बघा. पहिल्या लग्नाच्या मुलांसाठी नवीन पॉलिसी काढणार असाल, तर विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा १८७४ चा कायदा विचारा. त्याखालची पॉलिसी तुमच्या इस्टेटीत धरली जात नाही. मात्र हे पॉलिसी घेतानाच करावं लागतं.

मूल अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं असेल तर आणखी एक गोष्ट. तुमच्या माघारी त्याची नैसर्गिक पालक म्हणजे तुमची घटस्फोटित पत्नी. पैशाचा कारभार वेगळ्या हाती हवा असेल तर ट्रस्ट करा, विश्वासू एक्झिक्युटर (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा माणूस) नेमा आणि त्याला आधी विचारा.

साक्षीदार दोन लागतात. ते वारसांपैकी नसावेत आणि तुमच्यापेक्षा वयाने लहान असावेत, कारण मृत्युपत्र कोर्टात शाबीत करायला त्यांतल्या एकाला तरी बोलावतात. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी सक्तीची नाही, स्टॅम्प ड्युटीही लागत नाही. तरी सावत्र नात्यांच्या घरात ती करून घ्याच, 'सही बाबांची नाहीच' असं म्हणणं मग अवघड होतं.